लोकअदालतीत पाचशे रुपये दंड भरून मिटवलेली केस आता नोकरीच्या फॉर्मवर आडवी आलीय. नाव काढता येईल का?

माणदेशी_९८ :

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यातला, दुष्काळी पट्ट्यातला. चार वर्षं अभ्यासिकेत घासल्यावर सरकारी खात्यात कालवा निरीक्षक म्हणून निवड झाली. घरात पेढे वाटून झाले. आणि मग खात्याकडून साक्षांकन नमुना आला. त्यात विचारलंय : तुम्हाला कधी अटक झाली होती काय, तुमच्यावर खटला भरला होता काय, न्यायालयाने दंड केला होता काय, दोषी ठरवले होते काय. वर ठळक अक्षरात सूचना, की खोटी माहिती दिली किंवा लपवली तर अपात्र ठरवण्यात येईल. त्या पानावर माझा पेन थांबलाय.

जून २०१८ ची गोष्ट. मृग लागलेला, पेरणीची घाई. चुलत्यांनी ट्रॅक्टर लावून आमचा बांध कोरला. वडील बोलायला गेले, मागोमाग मी गेलो. शिवीगाळ झाली, ढकलाढकली झाली, चुलते सरीत पडले आणि त्यांचं कोपर सोललं. त्यांनी ठाण्यात जाऊन फिर्याद दिली. भारतीय दंड विधानाची कलम ४४७, ३२३, ५०४, ५०६, सह ३४ (अतिक्रमण, मारहाण, अपमान, धमकी, आणि हे सगळं मिळून केलं म्हणून ३४). आरोपी वडील आणि मी. मी तेव्हा एस.वाय.ला होतो.

डिसेंबरात निरोप आला की लोकअदालत आहे, येऊन जा. आम्ही वकील दिलाच नव्हता. कोर्टाच्या व्हरांड्यात दोनेकशे माणसं असतील. दारूवाले, जुगारवाले, विनालायसन्स गाडीवाले, बांधाची भांडणं, सगळे एका रांगेत. एकजण छापील कागदांचा गठ्ठा घेऊन फिरत होता, नाव विचारून सही घेत होता. वडिलांना म्हणाला, "कबूल म्हणा, पाचशे भरा, आज विषय संपवा. नाहीतर पाच वर्षं तारखा." वडिलांनी मान हलवली. आत गेलो. साहेबांनी नाव विचारलं, "कबूल?" म्हणाले. वडील म्हणाले, "होय साहेब." मीही तेच म्हणालो. दोघांना पाचशे-पाचशे दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसायचं. पाच वाजता घरी. वडील वाटेत म्हणाले, सुटलो बाबा.

चुलत्यांचं आणि आमचं आता काही नाही. बहिणीच्या लग्नात पंगतीला वाढायला तेच पुढं होते. ते म्हणतात, कुठं सही करायची सांग, आत्ता करतो.

तालुक्याला एक माणूस भेटला. पंचवीस हजारांत पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डवरून नाव काढून देतो म्हणतो. वडील म्हशी विकायला निघालेत.

फॉर्ममध्ये काय लिहू? नाव खरंच काढता येतं का? आणि वडिलांना पुढच्या निवडणुकीत ग्रामपंचायतीला उभं राहायचंय, त्यांना ही केस नडेल का? पासपोर्टचंही कुणी सांगितलं तर बरं होईल, धाकटा भाऊ म्हणतो तुला आता जन्मात पासपोर्ट मिळत नाही.

बिनधास्त_पंढरपूर :

भावा, एवढं कशाला मनाला लावून घेतोस. सरळ "नाही" लिही आणि रुजू हो. २०१८ चं कोण उकरत बसतंय. माझ्या मावसभावाने असंच केलं, तीन वर्षं झाली नोकरीत आहे, मजेत आहे.

वकीलताई_मिरज :

माणदेशी, वरचा सल्ला ऐकू नका. मावसभाऊ तीन वर्षं नोकरीत आहे याचा अर्थ एवढाच की त्याच्याबद्दल अजून कुणी अर्ज टाकलेला नाही. गावात भाऊबंदकी असते, बढतीच्या वेळी स्पर्धक असतो, आणि निनावी पत्राला पाच रुपये लागतात. ज्या दिवशी ते पत्र पोचेल त्या दिवशी प्रश्न भांडणाचा उरत नाही, खोटं लिहिण्याचा होतो. बांधाच्या भांडणावर खात्याची समजूत घालता येते. खोट्या साक्षांकनावर घालणं फार कठीण.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात हे सगळं एकत्र मांडलंय. उमेदवाराने माहिती खरी दिली पाहिजे. दिली, तरीही त्याला घ्यायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार खात्याला आहे, पण तो अधिकार डोळसपणे वापरायचा : गुन्हा कसला, पद कोणतं, वय काय होतं. तरुणपणी घोषणा दिल्या किंवा अशीच किरकोळ बाब असेल आणि ती सांगायची राहिली, तर खातं तेही माफ करू शकतं. करू शकतं, करेलच असं नाही. म्हणून त्या सवलतीच्या भरवशावर राहायचं नाही. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, संदीप कुमार नाव होतं, त्याच न्यायालयाने म्हटलंय की तरुण वयात अविचार होतात आणि त्यासाठी माणसावर आयुष्यभराचा शिक्का मारू नये. तुमचं पद गणवेशाचं नाही, ही तुमच्या जमेची बाजू. पोलीस भरती असती तर मी इतक्या धीराने बोलले नसते, तिथे कोर्टही खात्याच्या बाजूने जास्त झुकतं.

आता मूळ दुखणं. मला याचा मनापासून संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. तुमची पाचशेची पावती हा शिक्षेचा कागद आहे. तुमच्यावर लावलेली चारही कलमं तडजोडीची आहेत. त्या दिवशी चुलते हजर असते आणि दोन ओळींची तडजोडीची पुरशीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दिली असती, तर कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा झाला असता. खर्च शून्य. त्याच इमारतीत, त्याच तासाला. त्याऐवजी तुमच्याकडून कबुली घेतली आणि तुम्ही दोषसिद्ध आरोपी झालात. हा फरक व्हरांड्यातल्या त्या गर्दीला कुणीही समजावून सांगत नाही. निकाली प्रकरणांचा आकडा वाढतो, आणि एस.वाय.च्या पोराच्या नावावर जन्माची नोंद राहते. माझ्याकडे दर भरतीच्या हंगामात अशी मुलं येतात. जुगाराचं कलम १२, दारूबंदीचं ८५, बांध, वरातीतली मारामारी. सगळ्यांचं पहिलं वाक्य तुमच्यासारखंच : "ताई, केस तर मिटली होती."

नाव काढता येतं का? आपल्या देशात असा कायदा नाही की इतकी वर्षं नीट वागलात, आता शिक्षा पुसली. इंग्लंडमध्ये १९७४ पासून तसा कायदा आहे, ठराविक मुदतीनंतर बऱ्याच शिक्षा संपल्या असं धरतात आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी त्या सांगाव्याच लागत नाहीत. आपल्याकडे सज्ञान माणसांसाठी असं दार नाही. म्हणून जो कुणी पंचवीस हजारांत नाव काढतो म्हणतोय, तो एकतर तुम्हाला लुबाडतोय किंवा सरकारी नोंदीत खाडाखोड करवून तुम्हाला नव्या आणि खऱ्या गुन्ह्यात ओढतोय. म्हशी विकू नका. वडिलांना आजच सांगा.

नोंद पुसता येत नाही, पण शिक्षेचा निकाल फिरवता येतो. कबुलीवर शिक्षा झाली की दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच चालतं. पण सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल तपासून बघा असा अर्ज, करता येतो. मुदत नव्वद दिवसांची, तुम्हाला सात वर्षं झालीत. तेव्हा सोबत विलंबमाफीचा अर्ज लागेल आणि त्यात कारण खरं सांगायचं : वकील नव्हता, परिणाम कुणी सांगितला नाही, नियुक्तीच्या वेळी कळलं. न्यायाधीश ते मान्य करतीलच असं वचन मी देणार नाही. पण मान्य झालेलं मी पाहिलंय.

पुनरीक्षणात दोन गोष्टी मागायच्या. एक, तडजोडीला परवानगी. पुनरीक्षणाच्या टप्प्यावरही सत्र न्यायालय तडजोड मान्य करू शकतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२० होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ते ३५९ आहे. चुलते यायला तयार आहेत ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मान्य झाली की परिणाम निर्दोष सुटकेचा. दुसरी मागणी पर्यायी : ते नाही झालं तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियमाचा लाभ द्या. कलम ३ खाली फक्त समज देऊन सोडता येतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आणि आधीची शिक्षा नसेल तर. तुमची सगळी कलमं त्यात बसतात. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर. हा लाभ पुनरीक्षणातही देता येतो, कलम ११ मध्ये तसं लिहिलंय. त्याचा खरा फायदा कलम १२ मध्ये आहे : परिवीक्षेवर सुटलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी कायद्यातली अपात्रता लागू होत नाही. मात्र घडलेली घटना आणि दोषसिद्धी त्यानेही नाहीशी होत नाही, नोकरीत असलेल्यावर खातं त्या वर्तनाबद्दल कारवाई करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. म्हणून माझा पहिला जोर तडजोडीवर.

या सगळ्यात यश आलं तरी पुढच्या कुठल्याही फॉर्मवर "खटला भरला होता काय" याचं उत्तर "होय"च राहील. बदलेल ते त्यापुढचं, "निकाल काय" हे.

वडिलांची काळजी सोडा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये अपात्रतेसाठी निदान सहा महिन्यांची कैद लागते, दारूबंदी आणि अस्पृश्यतेसारखे गुन्हे वेगळे. त्यांना कोर्ट उठेपर्यंत बसवलं होतं. आणि धाकट्या भावाला सांगा, पासपोर्टसाठी शिक्षा आडवी येते ती अर्जाआधीच्या पाच वर्षांतली, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली आणि निदान दोन वर्षांची. चालू खटला असेल तर कोर्टाची परवानगी लागते, तुमचा तर निकाल लागून गेलाय.

निवृत्त_शिरस्तेदार :

वकीलताईंनी कायदा सांगितला, मी कागद सांगतो. उभी नोकरी कोर्टाच्या कचेरीत गेली, फौजदारी टेबलावर पुष्कळ वर्षं होतो.

बाळा, पहिली गोष्ट नकला काढ, आणि लगेच काढ. किरकोळ खटल्यांची कागदपत्रं ठराविक मुदतीनंतर नष्ट होतात, त्यासाठी वर्गवारी ठरलेली असते. एकदा गठ्ठा गेला की मग रजिस्टरातल्या एका ओळीवर भांडावं लागेल. केस नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तालुका निवडून तुझं नाव आणि साल टाक. नंबरच्या आधी एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटला) आहे की आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) ते बघून घे, नक्कल अर्जावर ते नीट लिहावं लागतं, नाहीतर रेकॉर्ड रूममधून अर्ज परत येतो. (हेही ध्यानात ठेव की तुला जे दिसतं ते जगाला दिसतं. खासगी कंपन्या माणूस घेताना हेच संकेतस्थळ चाळतात.)

नकला कशाच्या मागायच्या : फिर्याद, दोषारोपपत्र, रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), कबुलीचा कागद आणि निकाल. कबुलीच्या कागदावर निशाणी क्रमांक (कोर्टाने त्या कागदाला दिलेला नंबर) असेल. हा कागदच सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या संहितेच्या कलम २५२ प्रमाणे आरोपी जे बोलला ते शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं असतं. लोकअदालतीच्या मोहिमेच्या दिवशी काय व्हायचं ते मी पाहिलंय. आदल्या रात्री छापील नमुने भरून ठेवायचे, नाव आणि कलमं तयार, खाली "गुन्हा कबूल आहे काय?" आणि रिकामी रेघ. दिवसभरात त्या रेघेवर "होय" लिहिलं जायचं, कधी शिक्का मारला जायचा. काही साहेब मात्र प्रत्येकाला समोर उभं करून विचारायचे, बाबा तुला कळतंय का तू काय कबूल करतोयस, वकील हवाय का. त्यांच्या बोर्डावर दिवसाअखेर निम्मीच प्रकरणं निघायची. मला ते साहेब आजही आठवतात.

तेव्हा बघ : तुझे शब्द आहेत की छापील? सही तुझी आहे का? वडिलांचा आणि तुझा जबाब वेगवेगळा आहे की एकाच कागदावर? रोजनाम्यात वकील देण्याबद्दल काही लिहिलंय का? ताईंना हे उपयोगी पडेल.

आणि उद्या निकाल तुझ्या बाजूने लागला तर घरी बसून राहू नकोस. कोर्टाचा निकाल पोलिसांच्या संगणकात आपोआप जातो असं समजणारे पुढच्या पडताळणीत फसतात. प्रमाणित नक्कल ठाण्यात द्यायची, पोच घ्यायची, दुसरी नक्कल पोलीस अधीक्षक कार्यालयात जिल्हा विशेष शाखेला द्यायची, तिथेही पोच. मग महिनाभराने चारित्र्य पडताळणीचा अर्ज टाकून स्वतःच बघायचं काय छापून येतंय.

पारधी_पोरगा_धाराशिव :

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माणदेशी भाऊ, तुमच्या नावावर एक केस आहे, ती काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, ती फिरवायचा रस्ता ताईंनी सांगितला. आमच्याकडं नावावर काही नसताना आडनाव पुरतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ ला तो कायदा गेला, ३१ ऑगस्टला आमची माणसं विमुक्त दिन पाळतात. पण पडताळणीला गेलो की ठाण्यातला माणूस संगणक बघायच्या आधी विचारतो, बाप काय करतो, चुलता कुठं असतो. माझ्या चुलत्याला तरुणपणी संशयावरून तीनदा उचललेला, एकदाही शिक्षा नाही. ती संशयाची पानं माझ्या अर्जाला जोडून गेली. मी बी.एस्सी. आहे. ताई, यावर काही रस्ता?

वकीलताई_मिरज :

दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. चुलत्याला कधीतरी उचललं होतं ही तुमच्या चारित्र्याची माहितीच नाही. तुमच्याबद्दलचा अहवाल तुमच्यावरच्या नोंदींपुरता असला पाहिजे. आधी माहिती अधिकारात तुमच्या पडताळणी अहवालाची प्रत मागा. हातात आली की त्यातलं तेवढंच वाक्य घेऊन अधीक्षकांकडे लेखी हरकत द्या आणि दुरुस्त अहवाल मागा. नाही झालं तर उच्च न्यायालय, धाराशिवला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगातल्या जातिभेदाबद्दल निकाल दिला, त्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही निर्देश आहेत. त्या निकालाचा आधार तुमच्या हरकतीत जरूर घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जमातीचा दाखला सोबत न्या.

आईसाहेब_लातूर :

ताई, मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा सतरा वर्षांचा असताना मित्रांच्या नादाने मोटरसायकल चोरीत सापडला होता. बाल न्याय मंडळात केस चालली, समज देऊन सोडलं. आता तो एकवीसचा आहे, आय.टी.आय. झालाय, कारखान्यात पोलीस दाखला मागतात. त्यालाही हेच सगळं?

वकीलताई_मिरज :

नाही ताई, त्याला नाही. १८ च्या आतल्या मुलांसाठी आपल्याकडे कोरी पाटी कायद्याने दिलेली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम २४ : त्या निष्कर्षामुळे कोणतीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर ठराविक काळाने नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद आहे तो सोळा ते अठरा वयाच्या मुलाचा अतिगंभीर गुन्हा आणि मोठ्यांसारखा चाललेला खटला, तुमचा तो प्रकारच नाही. शिवाय कलम ७४ प्रमाणे निकाली निघालेल्या अशा प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यात द्यायचीच नाही. दाखल्यात उल्लेख आला तर मंडळाच्या आदेशाची प्रत जोडून अधीक्षकांना लेखी द्या, ही दोन्ही कलमं लिहून. मुलाला सांगा, मान खाली घालायचं कारण नाही.

माणदेशी_९८ :

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हशी गोठ्यातच आहेत. त्या माणसाचा नंबर वडिलांनी स्वतः काढून टाकला.

नकला मिळाल्या. शिरस्तेदारकाका म्हणाले तसंच निघालं. कबुलीचा कागद छापील आहे, दोघांचा एकच. माझ्या नावापुढं "होय", वडिलांच्या नावापुढं "होय", दोन्ही "होय" एकाच अक्षरात, आमच्या दोघांचंही नाही. खाली सह्या मात्र आमच्या. वकिलाबद्दल रोजनाम्यात एक शब्द नाही. आणि निकालाच्या पहिल्या पानावर माझं वय २२ लिहिलंय. माझा जन्म ऑक्टोबर १९९८ चा, म्हणजे त्या दिवशी मी वीसचा होतो. याने काही फरक पडतो का? साक्षांकन नमुना द्यायला आठवडा आहे.

वकीलताई_मिरज :

पडतो, आणि चांगलाच पडतो. परिवीक्षा अधिनियमाचं कलम ६ एकवीस वर्षांखालच्या आरोपीसाठी आहे. त्याला कैद द्यायची असेल तर कलम ३ किंवा ४ का लावता येत नाही याची कारणं न्यायालयाने लिहून ठेवावी लागतात. कोर्ट उठेपर्यंत बसवणं ही सुद्धा साधी कैदच. तुमच्या निकालात कारणं नसणार, कारण वय बावीस धरलंय. वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं की शिक्षेच्या, यावर १९६३ मध्ये रामजी मिस्सर प्रकरणात निर्णय झालाय, शिक्षेच्या दिवशीचं. त्या दिवशीही तुम्ही वीसचेच होतात. शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा, मूळ प्रत.

दोन "होय" एका अक्षरात, हा आपला दुसरा मुद्दा. आरोपीचे शब्द नोंदवण्याची तरतूद बंधनकारक आहे, ती पाळली नाही तर शिक्षा टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने महंत कौशल्या दास प्रकरणात साठच्या दशकातच सांगितलंय, तेव्हाच्या जुन्या संहितेतल्या तशाच कलमावर. म्हणजे आता तडजोडीची मागणी, कबुलीतला दोष आणि वयाची चूक, असे तीन पाय झाले. विलंबमाफीलाही याने बळ येतं. सत्र न्यायालयात अपयश आलं तर उच्च न्यायालय आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय.

साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, दंड, दोषसिद्धी या प्रत्येक रकान्यात जे घडलं तेच लिहा. अटक झाली नसेल तर "नाही", बाकीच्यांना "होय", आणि खाली असं : "गु.र.नं. अमुक, भा.दं.वि. कलम ४४७, ३२३, ५०४, ५०६ सह ३४, शेताच्या बांधावरून चुलत्यांशी झालेला वाद. कबुलीवरून अमुक तारखेस दंड रु. ५०० व न्यायालय उठेपर्यंत साधी कैद. त्या वेळी वय २० वर्षे. सदर निकालाविरुद्ध पुनरीक्षण अर्ज दाखल करीत आहे. नकला सोबत जोडल्या आहेत." गयावया करू नका, भांडणाचं समर्थनही करू नका. अर्ज आठवड्याच्या आत दाखल झाला तर "दाखल केला आहे" लिहून नंबर टाका. आणि दिलेल्या फॉर्मची झेरॉक्स पोच घेऊन जपून ठेवा, तुम्ही काही लपवलं नाही याचा तोच पुरावा.

नियुक्ती थांबवली तर लेखी आदेश मागा, तोंडी ऐकून परत येऊ नका. कारण न लिहिता किंवा केवळ "गुन्हा दाखल आहे" एवढ्यावर नाकारलं तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येतं, आणि अवतार सिंगचा निकाल तिथे तुमच्या कामाचा आहे.

वडिलांचा पुनरीक्षण अर्ज तुमच्यासोबतच करा. त्यांना वयाचा मुद्दा नाही, पण तडजोड आणि कबुलीचे दोन्ही आहेत. तारखेला चुलत्यांनी स्वतः हजर राहायचं, नुसतं प्रतिज्ञापत्र पाठवून भागणार नाही. आधारकार्डाची मूळ प्रत घेऊन यायला सांगा, पुरशीस वाचून दाखवल्यावर न्यायाधीश त्यांनाच विचारतात की सही कुणाच्या दबावाखाली तर नाही ना केली.